चरबी

“पॅक्स? कुणाला पाहिजेत, काकी? तुम्हाला?”

रियाजने कुचेष्टा केली नव्हती, त्याने खरंच विचारलं होतं. पण त्याच्यामागे आरशासमोर दंड फुगवत उभी असलेली पोरं फिसकन हसली. त्यातली दोघं माझ्याच खानावळीत जेवायची. सकाळी हसणारी हीच तोंडं दुपारी “काकी, जरा आमटी वाढा” करत माझ्यापुढे ताट धरणार होती.

मी पॅक्सबिक्स मागायला गेलेच नव्हते. पोटाची चरबी घालवायची आहे, एवढंच सांगायचं होतं. रियाजने विचारलं, किती घालवायची? समोर भिंतीवर एका उघड्याबंब माणसाचं चित्र होतं. त्याच्या पोटावर चरबीचा लवलेश नव्हता, नुसत्या विटा रचल्यासारख्या दिसत होत्या. म्हणून मी बोट दाखवलं, एवढी. त्यावर हे हसणं.

“होय, मला,” मी म्हटलं. “का? बायकांना पोट नसतं?”

पोरं परत आरशाकडे वळली. जिमचा मालक रियाज मुलाणी सज्जन माणूस. तो खाली बघत म्हणाला, “नसतं कसं, काकी. पण लेडीज टाइम दुपारचा आहे.”

“दुपारी माझी पंगत असते. मी सकाळीच येणार.”

“सकाळी सगळी मुलंच असतात.”

“असू देत. मला त्यांची अडचण नाही.”

ही बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. बार्शीला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझी खानावळ होती, अजूनही आहे. कॉलेजची मुलं, बँकेतले एकटे राहणारे क्लार्क, तालुक्याच्या कामाला आलेली माणसं, अशी दोन वेळची पंगत. मी छत्तिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई. दिवसभर चुलीपुढे उभं राहायचं, प्रत्येक पातेल्यातली चव बघायची आणि शेवटी उरलेलं वाया जाऊ नये म्हणून स्वतःच्या पोटात ढकलायचं. अंग सुटायला आणखी काय लागतं? मला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. बारीक बाईच्या खानावळीत कोण जेवायला येतो, असं मीच हसून म्हणायचे.

पण आता वाईट वाटून घ्यायलाही वेळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी पंजाबी ड्रेस आणि मुलीचे कॅनव्हासचे बूट घालून गेले आणि थेट चटईवर आडवी झाले. “सांगा, पोटाचे काय ते व्यायाम.”

“त्यानं पोट जात नाही, काकी,” रियाज म्हणाला. “सगळ्यांचा हाच गैरसमज असतो. पॅक्स प्रत्येकाला असतातच. तुम्हालाही आहेत. वरती गादी घातलीय म्हणून दिसत नाहीत. गादी काढायची तर पळावं लागतं, सायकल मारावी लागते, आणि जेवणावर लगाम पाहिजे. शिवाय चरबी कुठली आधी जाणार, ते आपल्या हातात नसतं.”

“आतली आधी जाते का बाहेरची?”

“आतली म्हणजे?”

“पोटाच्या आत साठते ती.”

त्याला असा प्रश्न कुणी विचारला नसावा. “आतली लवकर जाते म्हणतात. बाहेरची हट्टी असते.”

“मग जमेल. हट्टी मीपण आहे.”

पळायच्या पट्ट्यावर मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा दांडा दोन्ही हातांनी असा धरला होता, जसा बैलगाडीत धरतात. पट्टा सुरू झाला आणि माझे पाय मागे, मी पुढे. एक पोरगा धावत आला म्हणून तोंडावर आपटले नाही. घामाने डोळे चुरचुरत होते, छातीत भाता चालला होता. रियाज म्हणाला, धाप लागू द्या, पण शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे, एवढाच वेग ठेवा. शेजारच्या पट्ट्यावर हसणाऱ्यांपैकीच एक होता. मी त्याला विचारलं, “काल आमटी खारट झाली होती का रे?” तो म्हणाला, “नाही काकी.” मी म्हटलं, “मग ताटात का टाकलीस?” त्यानंतर तो माझ्या शेजारचा पट्टा घेईना.

हळूहळू अंग वळलं. आधी नुसतं चालणं, मग चालता चालता थोडं पळणं, मग पळता पळता थोडं चालणं. रियाज पुढे पुढे असं करायला लावायचा की जीव खाऊन पळायचं, दम घ्यायचा, पुन्हा जीव खाऊन पळायचं. ज्या दिवशी गुडघा दुखायचा त्या दिवशी सायकल. घरी मी ज्वारीची भाकरी, पालेभाजी आणि बिनतेलाचं वरण यावर आले. पंगतीला पुऱ्या तळायच्या आणि आपण काकडी चावायची. पहिले काही दिवस हात आपोआप परातीकडे जायचा. मग जाईनासा झाला.

गावात व्हायची ती चर्चा झालीच. भाजीवाली म्हणाली, “वैजूताई, म्हणं सिक्स पॅक करायलाव?” मी म्हटलं, “होय. सहा निघाले तर दोन तुला देते.” शेजारणीने विचारलं, घरात काही बिनसलंय का. भिशीतल्या बायकांनी माझ्यादेखत एकमेकींना डोळे घातले. मी कुणालाच काही सांगितलं नाही. एखाद्या बाईला या वयात पोट सपाट करायचं आहे, एवढ्यावर गाव खूश असेल, तर राहू दे बिचारं खूश.

मध्ये एकदा रियाजने एक डबा पुढे केला. चरबी जाळायच्या गोळ्या होत्या. “सकाळी एक घ्या काकी, झपाट्यानं फरक पडतो. घरातल्या माणसासाठी आणल्या तशा तुमच्यासाठी आणल्यात.”

“नको.”

“अहो, सगळे घेतात.”

“मला नको म्हटलं ना!” मी इतक्या जोरात बोलले की मशिनं थांबली. “काय असतं त्यात? पोटात गेल्यावर ते कुठं जातं, माहितीय का तुला? लिव्हरला जातं. तुम्ही पोरं पण खाऊ नका हे. फेकून द्या.”

रियाजचं तोंड पडलं. त्याला वाटलं, मी त्याच्या हेतूवर शंका घेतली. मला त्याला खरं कारण सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही. नुसती पट्ट्यावर चढले आणि पळत राहिले.

माझे यजमान मुरलीधर ताकभाते कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होते. शांत, भिडस्त माणूस. त्यांचे मोठे भाऊ म्हणजे अप्पा. मार्केट यार्डात त्यांची आडत होती. सासरे गेल्यावर घरात त्यांचा शब्द शेवटचा. आमची घरं वेगळी होऊनही तो शेवटचाच राहिला होता. मुरलीधर माझ्याकडे बघत आणि काही बोलायचं टाळत. एकदा मात्र चहा पिता पिता म्हणाले, “तू पहिल्यापासून मला चांगलीच दिसतेस. माझ्यासाठी करत असशील तर गरज नाही.”

“तुमच्यासाठी नाही करत.”

“मग?”

“माझ्यासाठी करते,” मी म्हटलं. ते खोटं नव्हतं. पण ते सगळं खरंही नव्हतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं की त्यांना ते कळलं आहे.

दर रविवारी पंगत आवरून मी कुर्डुवाडीला जायचे, शालनताईकडे. माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून माझी वेणी घालण्यापासून माझं लग्न लावून देण्यापर्यंत सगळं तिनं केलेलं. दाजी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका होती आणि घरातही मुख्याध्यापिकाच होती. ती आजारी होती. तिचं लिव्हर निकामी होत चाललं होतं. दारू, कावीळ, काहीसुद्धा कारण नव्हतं. डॉक्टर म्हणाले, कधी कधी शरीरच आपल्या अवयवावर उलटतं. दर रविवारी ती मला जास्त पिवळी दिसायची. हातापायाच्या काड्या झाल्या होत्या आणि पोट मात्र पाण्याने तटतटून फुगलेलं. ते पाणी मधूनमधून काढावं लागायचं.

एका रविवारी तिनं माझ्या मनगटाला धरून मला पुढ्यात बसवलं.

“वैजे, गळ्याची हाडं दिसायला लागली की गं तुझी. काय चाललंय?”

“सिक्स पॅक करतेय.”

ती इतकी हसली की तिला खोकला लागला. पाण्याचा पेला माझ्या हातून घेताना म्हणाली, “बघ, नशीब कसं असतं. माझं पोट वाढतंय आणि तुझं आत चाललंय.” मग हसू ओसरल्यावर तिनं माझं मनगट परत धरलं. “भलतंसलतं काही करू नकोस,” एवढंच म्हणाली. मी भांडी घासायला उठले.

पुढे घोळ केला तो रियाजने, आणि तोही चांगल्या मनाने. जिमला वर्ष झालं म्हणून त्याने स्टँडच्या चौकात फ्लेक्स लावला. त्यावर मी, पट्ट्यावर पळताना, कपाळावरून घाम ओघळतोय. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘खानावळवाल्या काकींना जमतं, तुम्हाला का नाही?’ अंगभर कपडे होते, ओढणी कमरेला बांधलेली होती. पण फ्लेक्सवर ताकभात्यांची सून!

पंगत संपत आली असताना अप्पा खानावळीत आले. मुरलीधर त्या दिवशी जेवायला तिथंच आलेले होते. अप्पांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायची त्यांची रीत नव्हती.

“मुरली, चौकात जाऊन आलास का?”

“बघितलं,” मुरलीधर म्हणाले.

“बघितलं आणि जेवायला बसलास? अरे, यार्डातले हमाल मला विचारतात, अप्पा, वहिनी कुस्त्या कधी धरणार? चरबी चढलीय तिला, सांग. तो बोर्ड आज उतरला पाहिजे आणि ते पळणं उद्यापासून बंद.”

दोन मुलं अजून जेवत होती. त्यांनी ताटात डोकी खुपसली. मी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

“अप्पा,” मी म्हटलं, “माझ्याशी बोला. मी इथंच आहे.”

अप्पांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

“चरबी चढलेली नाही. उतरलीय. परवा कॉलेजला सुट्टी होती म्हणून खानावळ बंद ठेवली होती ना, तेव्हा मी पुण्याला जाऊन आले. तिथं परत सगळं तपासलं. लिव्हरमधली चरबी गेली म्हणाल्या डॉक्टर. आता माझं लिव्हर ताईला चालतं.”

मुरलीधरांच्या हातातला घास हातातच राहिला.

आता सगळं सांगायला हवं. जिममध्ये पाय ठेवण्याच्या आदल्या आठवड्यातच आम्ही सगळे पुण्याला गेलो होतो. ताईला वाचवायचं तर लिव्हर बदलण्याखेरीज उपाय नव्हता. जिवंत माणसाच्या लिव्हरचा तुकडा काढून बसवता येतो, देणाऱ्याचं परत भरून येतं. रक्तगट फक्त माझा जुळत होता. मी लगेच हो म्हटलं. पण तपासणीत निघालं की माझ्याच लिव्हरमध्ये भरपूर चरबी साठली आहे. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, असलं लिव्हर घेता येणार नाही, त्यांनाही उपयोग नाही आणि तुम्हालाही धोका. हे ऐकून सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. तो कसा पडला, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मुरलीधरांनी सुटकेचा श्वास सोडला. ताई म्हणाली, “बरं झालं, विषय मिटला.” आणि परतीच्या गाडीत अप्पा ड्रायव्हरशेजारून हसत म्हणाले, “पुरणपोळ्या कामाला आल्या म्हणायच्या. चरबीनंच वाचवलं आपल्याला.”

आपल्याला! तो शब्द मी बार्शी येईपर्यंत चघळत बसले होते. निघताना दारातून मागे फिरून मी एकटीने डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं की ही चरबी जाते का, आणि त्यांनी उत्तर दिलं होतं. “जाते. चाला, पळा, घाम गाळा, खाणं सुधारा. गोळ्या-पावडरी अजिबात नकोत. पण बहिणीकडे तेवढा वेळ आहे का, ते मी सांगू शकत नाही.”

तेव्हापासून मी पळत होते.

अप्पा खुर्चीत बसले. आवाज खाली आला, पण वळण तेच. “हे बघा, तुम्ही ताकभात्यांच्या घरातल्या. माहेरच्यासाठी पोट फाडून घ्यायचं, आणि उद्या काही कमीजास्त झालं तर ही पोरं कुणी बघायची? आमच्या घरातून याला परवानगी नाही.”

“पोट माझं आहे, अप्पा. ते कुठल्याच घराच्या नावावर नाही.”

अप्पा उठले. चपला घातल्या आणि गेले. जेवणाऱ्या दोन मुलांपैकी एक हात धुवायला उठला आणि जाता जाता हळूच म्हणाला, “काकी, आमटी मस्त झालीये.” तोच तो, पट्ट्यावरचा.

मुरलीधर ताटावरून उठून कॉलेजला गेले. त्यांची संमती लागणारच होती, डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. मी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जिमला निघाले तर ते दारात बूट घालून उभे. माझ्याबरोबर चालत आले. अर्ध्या वाटेत म्हणाले, “तुला काही झालं तर?”

“तर खानावळ तुम्हाला चालवावी लागेल.”

“मला भाकरी थापता येत नाही.”

“शिका.”

चौकात आल्यावर त्यांनी तो फ्लेक्स नीट, मान वर करून बघितला. “त्या दिवशी डॉक्टर नाही म्हणाल्या तेव्हा मला बरं वाटलं होतं,” ते म्हणाले. “तू बघितलं असशील.”

“बघितलं.”

“मी येतो पुण्याला.” मग जरा थांबून म्हणाले, “आणि आजपासून भाकरी शिकव.”

ताई मात्र नाही म्हणाली. मुरलीधरांना घेऊन कुर्डुवाडीला गेले, सगळं सांगितलं, आणि ती अंथरुणात उठून बसत शाळेत बोलायची तशी बोलली. “मी घेणार नाही. संपलं.”

“का?”

“का म्हणून काय विचारतेस? तुला दोन लेकरं आहेत. माझ्यामागे कोण आहे रडायला?”

“मी आहे की! मीच आहे ना रडायला,” मी ओरडले. “आणि मला रडायचं नाही, ताई. मला सवड नाही त्याला.”

“वैजे, आवाज खाली.”

“नाही करणार खाली. सगळे मला सांगतात, बंद कर, गप्प बस, नको. तू पण त्यांच्यातलीच? माझ्या लग्नात तू तुझ्या पाटल्या मोडल्यास तेव्हा मला विचारलं होतंस? मी नको म्हटलं होतं, तू ऐकलंस?”

“पाटल्या आणि काळीज सारखं नसतं.”

“काळीज नाही देत तुला. लिव्हर घे म्हणतेय. आणि तेही पाव-अर्धं. परत येतं ते माझं.”

ती तोंड फिरवून बसली. मला काय सुचलं कोण जाणे. मुरलीधर बाजूला बसलेले असताना मी साडीच्या निऱ्या खाली सरकवल्या आणि पदर बाजूला केला. “बघ इकडे. बघ म्हणते ना!”

ताईनं बघितलं. दोन बाळंतपणांची कातडी सैल होती, खाली सुरकुत्या होत्या. पण बरगड्यांच्या खाली, मधोमध एक उभी रेघ उतरली होती आणि तिच्या दोन्ही अंगांना स्नायूंचे उंचवटे दिसत होते. सहा नव्हते. वरचे चार, तेही मी श्वास ओढून धरला म्हणून. रियाजने सांगितलं होतं ते खरं निघालं होतं. ते तिथं आधीपासूनच होते.

“हे मी गावाला दाखवायला केलेलं नाही,” मी म्हटलं. “आतलं लिव्हर साफ करायला पळाले, तर वरचं हे आपोआप आलं. आता तू नाही म्हणालीस तर काय करू? परत पुऱ्या खाऊन फुगवू?”

ताईनं हात पुढे केला आणि बोटांनी माझं पोट चाचपलं, बाजारात भोपळा चाचपावा तसं. तिचा हात गार होता. “कडक झालंय गं,” ती म्हणाली. मग तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती रडायला लागली. लहानपणापासून मी तिला रडताना बघितलं नव्हतं, दाजी गेले तेव्हासुद्धा. मुरलीधर उठून बाहेर गेले. ती हो म्हणाली नाही. नाकडोळे पुसून एवढंच म्हणाली, “पुण्यात थंडी असेल. माझी शाल बांधून घे.”

ऑपरेशनच्या सकाळी एक तरुण डॉक्टर माझ्या पोटावर जांभळ्या पेनाने खुणा करायला आला. छातीच्या हाडाखालून सरळ एक रेघ आली आणि मग उजव्या बरगडीच्या कडेने वळली. ती बरोबर त्या उंचवट्यांवरून गेली. मध्येच त्याचा हात थांबला.

“मॅडम, तुम्ही खेळाडू आहात का?”

“खानावळ चालवते.”

“नाही, म्हणजे... एवढी मेहनत केलेली दिसते. आणि आम्ही नेमकं यावरूनच...”

“अहो, कापायलाच केलंय ते,” मी म्हटलं. “तुम्ही निवांत रेघ मारा.”

ऑपरेशन संपायला दिवस मावळला. जाग आल्यावर दुखलं. असं दुखलं की दोन्ही बाळंतपणं त्यापुढे सोपी वाटली. ताईला मध्ये ताप आला आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. मग ताप उतरला. एके दिवशी मुरलीधर मला चाकाच्या खुर्चीतून ताईच्या खोलीच्या काचेपर्यंत घेऊन गेले. आत ताई उशीला टेकून बसली होती आणि नर्सला काहीतरी दटावत होती. तिच्या डोळ्यांतला पिवळा रंग गेला होता. मी काचेवर टकटक केलं. तिनं हातानं खूण केली, परत जाऊन झोप.

मी बरी होईपर्यंत मुरलीधरांनी एक बाई मदतीला घेऊन खानावळ चालू ठेवली. त्यांच्या भाकऱ्या भारताच्या नकाशासारख्या व्हायच्या, पण एकही गिऱ्हाईक तुटलं नाही. रियाजला सगळं कळल्यावर तो घरी आला आणि जाताना म्हणाला, “काकी, त्या गोळ्या मी ठेवत नाही आता.”

पुढच्या वर्षी महालक्ष्म्यांना अप्पांनी सगळं गोत जेवायला बोलावलं. ताईलाही. ती आली, भरलेल्या अंगाची, काठापदराची साडी नेसून, आणि बायकांच्या पंगतीत बसली. समोर पुरुषांची पंगत. मी आमटीचं भांडं घेऊन वाढत होते. अप्पांच्या शेजारी त्यांचे यार्डातले व्यापारी मित्र बसले होते.

“याच त्या,” अप्पा माझ्याकडे हात करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “आमच्या वैजयंताबाई. बहिणीला स्वतःचं लिव्हर दिलं. लोक म्हणाले, सुनेला कसं पाठवता? मी म्हटलं, जा. माहेर असलं म्हणून काय झालं? ताकभात्यांच्या घराची परंपराच आहे ती, देण्याची.”

व्यापाऱ्यांनी माना डोलावल्या. कुणी तरी वा म्हणालं.

मी त्या जागी उभी राहिले. सण होता, घर त्यांचं होतं, लक्ष्म्या समोर बसल्या होत्या. गप्प बसले असते तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण मग मी कशाला पळाले होते?

“अप्पा,” मी म्हटलं, “तुम्ही नाही म्हणाला होता.”

वाढणाऱ्या बायका थांबल्या. अप्पांचा हात पानावर तसाच राहिला.

“घरातून परवानगी नाही, म्हणाला होता. माझ्या खानावळीत बसून. मी विचारलं नव्हतंच, पण तुम्ही म्हणाला होता.”

मग त्याच पंगतीतून, मान खाली घालून, मुरलीधर म्हणाले, “खरं आहे ते. मीसुद्धा मनातून नाहीच म्हणत होतो.”

समोरच्या बायकांच्या पंगतीत ताईनं पुरणपोळीचा घास गिळला, पाणी प्यायलं.

“अहो, मी तर तोंडावर नाही म्हटलं होतं,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा शाळेतल्या आवाजात म्हणाली. “ती कुणाचं ऐकते का? वैजे, उभी काय राहिलीस, आमटी आण इकडे. आणि भातही आण, भूक लागलीय मला.”